गोचिड्या काढल्या तरी परत येतात? कुत्र्याइतकंच घरही तपासा

अंघोळ घातली, पावडर लावली, चिमट्याने एकेक करून सगळ्या काढल्या. दोन-तीन आठवडे बरे गेले आणि पुन्हा कानामागे तीच राखाडी गाठ हाताला लागली. कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांत ही तक्रार असते, आणि त्यावर पुढचं पाऊल बहुतेक वेळा एकच असतं: औषध बदलायचं. पावडरवरून स्प्रे, स्प्रेवरून पट्टा, पट्ट्यावरून गोळी. औषध बदलूनही महिन्याभराने चित्र तसंच राहतं. कारण औषध कुत्र्यावर चालू असतं आणि गोचिड्या भिंतीत असतात.

आपल्याकडच्या घरगुती कुत्र्यांवर मुख्यतः तपकिरी गोचीड आढळते. ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस हे तिचं शास्त्रीय नाव. बाकीच्या बऱ्याच जातींना गवत, झाडी, जंगल लागतं. हिला लागत नाही. कुत्रा आणि चार भिंती मिळाल्या की हिचं अख्खं आयुष्य तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही पार पडतं. "आमचा कुत्रा तर खाली उतरतच नाही, मग गोचीड आली कुठून?" या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. एकदा कधीतरी एक पोट भरलेली मादी आत आली, तेवढं पुरतं.

ती परत येत नाही, ती गेलेलीच नसते

इथे थोडं थांबून तिचं जीवनचक्र समजून घ्यायलाच हवं. ते कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप जागेवर बसतात.

मादी साधारण आठवडाभर रक्त पिते, टपोरी होते आणि कुत्र्यावरून खाली पडते. मग एखादी आडोशाची फट शोधते, चार दिवसांनंतर अंडी घालायला लागते आणि पुढचे काही दिवस घालतच राहते. एका मादीची अंडी हजारांत जातात. ती दोन ते पाच आठवड्यांत फुटतात. त्यातून सहा पायांच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अळ्या निघतात. त्या कुत्र्यावर चढतात, तीन ते सात दिवस रक्त पितात आणि पुन्हा खाली पडतात. फटीत बसून साधारण दोन आठवड्यांत कात टाकतात आणि आठ पायांचं पिल्लू होतं. ते पुन्हा कुत्र्यावर चढतं, पाच ते दहा दिवस पितं, पुन्हा खाली पडतं, पुन्हा दोनेक आठवडे फटीत बसतं. त्यानंतर मोठी गोचीड तयार होते आणि तिसऱ्यांदा कुत्र्यावर येते.

म्हणजे एका आयुष्यात ती तीन वेळा कुत्र्यावर चढते, तीन वेळा उतरते, आणि बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगाबाहेर असते. आपल्या हवेत हे चक्र दोन-अडीच महिन्यांत पुरं होऊ शकतं. तुम्ही आज अंगावरच्या सगळ्या काढल्यात तरी फटीतली अंडी, अळ्या आणि पिल्लं आपापल्या वेळेने निघत राहतात.

दुसरी गोष्ट तिच्या चिवटपणाची. मोठी गोचीड काही न खाता वर्षभर, कधी दीड वर्षापर्यंतही जगू शकते. त्यामुळे कुत्र्याला महिनाभर गावी किंवा बोर्डिंगमध्ये ठेवून घर मोकळं केल्याने काहीच साधत नाही. उलट रिकाम्या घरात उपाशी राहिलेल्या गोचिड्या माणसांकडे वळण्याची शक्यता वाढते. कुत्रा घरातच हवा, आणि त्याच्या अंगात चांगलं औषध हवं. गोचीड त्याच्याकडे आपणहून येते, चावते आणि मरते. उंदराच्या पिंजऱ्यातल्या भाकरीच्या तुकड्यासारखं काम तो करतो, फक्त इथे त्या तुकड्याला इजा होत नाही.

आधी शोधा, मग फवारा

रात्री टॉर्च घेऊन घर बघा. ही गोचीड वर चढणारी आहे, त्यामुळे नुसती जमीन पुसून भागत नाही. दाराच्या चौकटी, भिंत आणि फरशी यांच्यामधली सांध, स्विचबोर्डाच्या कडा, फोटोंच्या मागची बाजू, पडद्यांच्या वरच्या शिवणी, छताचे कोपरे बघा. कुत्रा जिथे सर्वांत जास्त वेळ झोपतो तिथून दोन-तीन हातांच्या आतल्या फटी सर्वांत महत्त्वाच्या. दिवाणाखाली झोपत असेल तर दिवाण उलटा करून लाकडाचे सांधे बघा. सोफ्याची खालची कापडी बाजू, पायपुसणी, गॅलरीतल्या कुंड्यांच्या मागची जागा आणि जिन्याखालचा कोपरा या नेहमी राहून जाणाऱ्या जागा आहेत. बंगला किंवा जुनं घर असेल तर पोपडे सुटलेली भिंत आणि शहाबादी फरशांच्या सांधी.

अंगावर किंवा भिंतीवर एक टपोरी राखाडी आणि तिच्या शेजारी एक बारीक चपटी तपकिरी दिसली की लोकांना दोन वेगळे किडे वाटतात. टपोरी ती रक्त प्यालेली मादी, चपटा तो बहुधा नर. नर फारसा फुगत नाही. भिंतीवर टपोरी मादी चढताना दिसली तर ती अंडी घालायला जागा शोधते आहे, तिला त्याच क्षणी उचला.

सापडलेल्या फटी पांढऱ्या सिमेंटने, पुट्टीने किंवा सिलिकॉनने बुजवा. माझ्या मते सगळ्या उपायांत हे काम सर्वांत कमी केलं जातं आणि सर्वांत जास्त टिकतं. फवारणीचा परिणाम ओसरतो, बुजवलेली फट बुजलेलीच राहते. कुत्र्याची गादी, चादरी, पायपुसणी आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचं टोक सांधीसांधीतून फिरवा आणि आतला कचरा पिशवीत गच्च बांधून लगेच घराबाहेर टाका, नाहीतर त्या मशीनमधूनच बाहेर येतात.

प्रादुर्भाव मोठा असेल तर पेस्ट कंट्रोल करावंच लागतं. बोलावताना "गोचीड आहे" असं स्पष्ट सांगा, कारण झुरळांसाठीची जेल इथे काही कामाची नाही. एकदा फवारून थांबू नका. अंड्यांवर फवारणीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी, नवी अळी बाहेर आल्यावर, दुसरी फवारणी ठेवा. फवारा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा, मांजर, मुलं बाहेर. फिश टँक घरात असेल तर तो झाका आणि हवेचा पंप बंद ठेवा, या औषधांनी मासे पटकन मरतात.

कुत्र्यावरचं औषध कुठे चुकतं

गोळी, मानेवर टाकायचे थेंब, पट्टा आणि पाण्यात कालवून लावायचं औषध, असे चार प्रकार सर्रास वापरले जातात. तक्रारीही प्रत्येकाच्या ठरलेल्या आहेत.

"गोळी दिली तरी अंगावर गोचीड दिसते." दिसणारच. अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर, फ्लुरॅलॅनर या गोळ्या रक्तातून काम करतात, गोचीड चावल्याशिवाय मरत नाही. गोळीनंतर दिसणारी गोचीड एक-दोन दिवसांत मेलेली किंवा सुकलेली सापडत असेल तर गोळी काम करते आहे, आणि घरात अजून साठा आहे हेही त्यातून कळतं. अफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर महिन्याच्या महिन्याला द्यायच्या असतात, फ्लुरॅलॅनरचा परिणाम साधारण बारा आठवडे राहतो. गडबड होते ती दुसऱ्या महिन्यात. गोचिड्या कमी झाल्या म्हणून गोळी चुकते आणि त्याच सुमारास फटीतली पुढची पिढी तयार होते. शेवटची गोचीड दिसल्यानंतरही किमान तीन महिने खंड पडू देऊ नका. आपल्याकडे थंडीतही गोचिड्या पूर्ण थांबत नाहीत, त्यामुळे एकदा मोठा प्रादुर्भाव झालेल्या घरात मी बारमाही संरक्षणच सुचवेन.

गोळी वजनाप्रमाणेच द्यायची. मोठ्या कुत्र्याची गोळी आणून दोन लहान कुत्र्यांत वाटू नका, औषध गोळीत सारखं पसरलेलं असेलच असं नाही. फ्लुरॅलॅनर जेवणासोबत द्यायची, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर या गटातली गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते आठवणीने सांगा.

"थेंब टाकले, उपयोग नाही." यात बहुतेक वेळा थेंब केसांवर पडलेले असतात. खांद्यांच्या मधोमध, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचे. आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस अंघोळ नाही. दर आठवड्याला शाम्पू लावत असाल तर थेंबांऐवजी गोळी बरी.

पाण्यात कालवून लावायचं अमित्राझ स्वस्त पडतं म्हणून खूप वापरलं जातं. प्रमाण बाटलीवर लिहिलेलंच घ्या, अंदाजाने नको. वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू देऊ नका. लावल्यावर कुत्रा सुस्त पडला, तोल जाऊ लागला, अंग गार लागलं तर भरपूर पाण्याने धुवून लगेच डॉक्टरांकडे न्या. मधुमेही कुत्र्याला आणि मांजराला हे औषध अजिबात नको. गावाकडे गाई-म्हशींच्या गोठ्यासाठी आणलेलं औषध कुत्र्यालाही लावण्याची पद्धत आहे. ते थांबवायला हवं, त्याचं प्रमाण आणि कुत्र्याला सोसणारं प्रमाण वेगळं असतं आणि कुत्रा अंग चाटतो.

घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं कुठलंही कुत्र्याचं औषध आणूच नका. कुत्र्याच्या ओल्या अंगाला मांजर घासलं तरी त्याला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ससा असेल तर फिप्रोनिल (काही स्प्रे आणि थेंबांमधलं औषध) त्याच्यासाठी घातक आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच लावू नका. त्याच्यासाठी बारीक दातांचा फणी-कंगवा, चिमटा आणि त्याच्या आईवर उपचार.

कडुलिंबाचा पाला, कापूर, लसणाची गोळी यांबद्दल स्पष्टच सांगते. कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातल्याने सहसा बिघडत नाही, पण भरलेल्या घरातला प्रादुर्भाव तिने हटत नाही. कापराचं तेल आणि लसूण मात्र कुत्र्याला विषारी ठरू शकतात. लसणाने रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि गोचिडीतून होणाऱ्या तापातही रक्तच कमी होत असतं.

अंगावरची गोचीड काढताना

रॉकेल, व्हॅसलिन, पेटती काडी यांतलं काहीच नको. गोचीड गुदमरली किंवा पोळली की पोटातला मजकूर जखमेत ओकण्याची शक्यता वाढते, आणि रोगाचे जंतू त्यातूनही उतरू शकतात. टोकदार चिमट्याने कातडीला अगदी लागून, तिच्या तोंडाशी धरा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. काढलेली गोचीड नखाने किंवा पायाने फोडायची नाही, ती स्पिरिटच्या बाटलीत टाका. नुसत्या पाण्यात किंवा संडासात टाकली तर ती जिवंत राहू शकते. जागेवर बीटाडीन लावा, हात साबणाने धुवा. तोंडाचा तुकडा आत राहिलाच तर टाचणीने उकरू नका. बारीक गाठ काही दिवस राहते आणि बसते. लाल होऊन पू धरला तर दाखवा.

रोज पाच मिनिटं हात फिरवायच्या जागा: कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, बगला, जांघा, शेपटीखाली आणि पायाच्या बोटांच्या मध्ये. बोटांमधली जागा सर्वांत जास्त राहून जाते. रोज काढणं चांगलंच आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. गोचीड ताप आणणारे एर्लिकियाचे जंतू गोचीड चावल्यावर काही तासांतही कुत्र्यात उतरू शकतात.

ताप उतरला आणि पुन्हा आला

या त्रासाची दुसरी, जास्त जीवघेणी बाजू म्हणजे गोचीड ताप. हे एका रोगाचं नाव नाही. एर्लिकिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, हेपॅटोझून असे वेगवेगळे जंतू त्यामागे असतात, कधी एकाच कुत्र्यात दोन. हेपॅटोझून तर चावल्याने होत नाही, कुत्र्याने गोचीड गिळल्याने होतो. यांतल्या कशावरही आपल्याकडच्या नेहमीच्या लसीकरणात संरक्षण नाही. वर्षाची सगळी इंजेक्शनं झाली आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, म्हणजे १०१ ला घाबरायचं कारण नाही. नाक गरम लागणं ही तापाची खूण नव्हे. गुदद्वारात डिजिटल थर्मामीटर लावून बघायचं. १०३ च्या वर आणि जेवण सोडलेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ओठ उचलून हिरडी बघण्याची सवय कुत्रा बरा असतानाच करून ठेवा. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परततो. पांढरट किंवा पिवळी हिरडी, पोटावर लाल ठिपके, चहासारखी किंवा लाल लघवी, नाकातून रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

नाकातून रक्त येत असेल तर कुत्र्याला शांत, गार जागी बसवा, नाकाच्या वरच्या बाजूला फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा. नाकात कापूस कोंबू नका, मान मागे वाकवू नका, आणि निघा. तापासाठी घरातली क्रोसिन, ब्रुफेन, डिस्प्रिन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही देऊ नका. या रोगात आधीच प्लेटलेट खाली गेलेल्या असतात, त्यात डिस्प्रिन किंवा ब्रुफेनने रक्तस्राव वाढतो, आणि ब्रुफेन-डायक्लोफेनॅकने पोट आणि मूत्रपिंडही जातं. मांजराला तर क्रोसिनची एक गोळीही मारक ठरू शकते.

आता "परत परत ताप" येण्याची कारणं. पहिलं आणि नेहमीचं: कोर्स अर्धवट. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण अठ्ठावीस दिवस देतात. दोन-तीन दिवसांत कुत्रा उठून खायला लागतो, आठवड्यात खेळतो, आणि उरलेली पट्टी फडताळात राहते. जंतू पेशींच्या आत लपलेले असतात, महिनोन्महिने तसेच राहून पुन्हा डोकं वर काढतात. दुसरं कारण: रोगच वेगळा. डॉक्सिसायक्लिनने बबेसिया जात नाही, त्याला वेगळं औषध लागतं. डॉक्सी चालू असताना चार दिवसांत फरक नसेल, हिरडी पांढरी पडत असेल, तर बबेसियासाठी रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. तिसरं: नवी लागण. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही, आणि घरातल्या फटींत गोचिड्या असतील तर ती होणारच.

एक गोंधळ तपासणीचाही आहे. दहा मिनिटांत निकाल देणारी किट बहुतेक प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीराने बनवलेले घटक) शोधतात, आणि ती कुत्रा बरा झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात. पट्टीवर पुन्हा रेघ आली म्हणून कोर्स फसला असं समजू नका. प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन वर येतंय का, ते बघायचं. कोर्स संपताना एकदा आणि त्यानंतर महिन्याभराने एकदा रक्ताची मोजणी करून घ्या. शंका उरली तर पीसीआर, म्हणजे थेट जंतूचा अंश शोधणारी तपासणी, करता येते.

घरात माणसाला ताप आला आणि अंगावर पुरळ उठलं तर आपल्या डॉक्टरांना घरात गोचिड्या आहेत हे सांगा. हीच तपकिरी गोचीड माणसांत रिकेट्सिया नावाच्या जंतूंचा ताप पसरवू शकते आणि तो वेळेवर ओळखला की औषधाने बरा होतो. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याकडे आणि गोव्यात सत्तरीत माकडतापाची भीती असते, ती रास्त आहे, पण तो मुख्यतः जंगलातल्या वेगळ्या गोचिडीमुळे पसरतो. त्या भागात कुत्रा रानातून फिरून आला तर घरात घेण्याआधी बाहेरच तपासा.

सगळं केलं, तरी येतात

मग दार ओलांडून बघायची वेळ आली. पार्किंगमध्ये झोपणारे कुत्रे, वॉचमनच्या खोलीजवळची जुनी गादी, लिफ्टच्या खड्ड्याशेजारची भेगाळलेली भिंत. तुमचा कुत्रा रोज दोनदा तिथून जातो. त्या कुत्र्यांना हाकलून प्रश्न सुटत नाही. जागा रिकामी झाली की दुसरे येतात, आणि भिंतीतल्या गोचिड्या त्यांचीच वाट बघत असतात. सोसायटीने पार्किंगची फवारणी आणि त्या कुत्र्यांना गोळ्या, हे दोन्ही एकाच आठवड्यात केलं तर फरक पडतो. त्यांना रोज खायला घालणारं कुणीतरी प्रत्येक सोसायटीत असतं. गोळी त्यांच्याच हातून, अंड्यात किंवा चिकनच्या तुकड्यात घालून द्या. वजन काट्यावर करता येणार नाही, म्हणून फोटो आणि अंदाज डॉक्टरांना दाखवून गोळीचा वजनगट ठरवा, गाभण किंवा दूध पाजणारी कुत्री असेल तर ते आधी सांगा, आणि कुणाला कोणत्या तारखेला दिली हे वॉचमनच्या वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढची गोळी चुकत नाही आणि एकालाच दोनदाही जात नाही.